गर्भपिशवीचा एक्स-रे: हत्यारं कोणती, आणि हात किती सावकाश

प्रश्न गडहिंग्लजकडच्या एका तरुण स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांचा आहे. सासऱ्यांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी हाडांच्या डॉक्टरांबरोबर भागीत सी-आर्म (टेबलाभोवती फिरवता येणारं एक्स-रे यंत्र) घेतला आणि त्यावर एचएसजी सुरू केली, म्हणजे गर्भपिशवीत डाय (एक्स-रेत उठून दिसणारा द्रव) सोडून पिशवीचे आणि तिच्या दोन बीजनळ्यांचे फोटो घ्यायची तपासणी. दोन महिन्यांत अकरा केल्या. त्यांतल्या सहा जणींच्या दोन्ही नळ्या पिशवीच्या कोपऱ्यातच बंद दिसल्या. शिवाय पेशंट फार ओरडतात. कॅन्युला (डाय आत सोडायची नळी) कोणता घ्यावा, डाय कोणता, आणि सोनोग्राफी आणि लॅप्रोस्कोपीच्या (पोटात दुर्बीण घालून बघण्याच्या) काळात ही जुनी तपासणी करण्यात काही अर्थ उरलाय का, असं त्यांनी विचारलंय. सहाही जणींच्या फिल्म सोबत पाठवल्यात.

अकरांत सहा. डॉक्टर, एवढ्या बायकांच्या दोन्ही नळ्या कोपऱ्यात बंद असत नाहीत, ना गडहिंग्लजात ना आणि कुठं. यातल्या चार-पाच जणींच्या तरी नळ्या रोगानं नाही, आपल्या हातानं बंद झाल्यात. रागावू नका, माझ्याही हातून झाल्यात. सव्वीस वर्षं कोल्हापुरात हेच काम करते आहे आणि पहिली दोन वर्षं मी तुमच्याहून वाईट फिल्म काढत होते.

एक सांगूनच टाकते. सुरुवातीच्या काळात ज्या दवाखान्यात मी जात असे, तिथं एका सकाळी पाच-सहा एचएसजी लावलेल्या असत. एसी जोरात, डायची बाटली थेट थंड कपाटातून, आणि बाहेर ताटकळलेली नातेवाईक मंडळी. जोतिबाच्या पायथ्याच्या गावची एक पोरगी आली होती. मी डाय भराभर ढकलला, ती कळवळली, पिशवी भरली, नळ्या भरल्या नाहीत. रिपोर्टवर मी ‘दोन्ही नळ्या कोपऱ्यात बंद’ असं लिहून सही ठोकली. घरच्यांनी दुभती म्हैस विकून तिची लॅप्रोस्कोपी करून आणली. निळा डाय दोन्ही बाजूंनी भळाभळा बाहेर आला. सर्जननी फोन करून एवढंच विचारलं, “मॅडम, डाय गरम करता का हो?” तेव्हापासून मी ‘बंद’ हा शब्द पहिल्या तपासणीनंतर लिहीत नाही. ‘नळ्या भरल्या नाहीत’ असं लिहिते. आपण जे पाहिलं ते एवढंच असतं.

कारण साधं आहे. नळीचा पहिला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर भाग पिशवीच्या स्नायूतून जातो. पिशवी दुखावली, घाबरली, थंड द्रवानं किंवा एकदम ताणानं चिडली की तो स्नायू आवळतो आणि नळीचं तोंड मिटतं. हाच तो स्पॅझम. फिल्मवर स्पॅझम आणि खरा अडथळा हुबेहूब एकसारखे दिसतात. कोपरा गोल मिटलेला, पुढं काही नाही. पहिल्या एचएसजीत दोन्ही कोपरे बंद दिसलेल्या बायकांची महिनाभरानं परत एचएसजी केली, तर निम्म्याहून जास्त जणींच्या नळ्या उघड्या निघाल्याचं अभ्यासातून दिसलंय. म्हणून हत्यारांचं बोलण्याआधी स्पॅझमचं बोलले. पुढं जे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं त्याच्यासाठीच आहे.

आता हत्यारं. ट्रेमध्ये काय असावं ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळं कुठं चुकतं तेवढंच सांगते. स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडा धरायचं हत्यार, कस्कोचा घ्या, कारण तो आपल्या आपण उभा राहतो. सिम्सला धरायला माणूस लागतो आणि तो माणूस मग एक्स-रेत उभा राहतो. पण कस्को लोखंडी असेल तर फोटोच्या वेळी काढायलाच हवा. तुमच्या दोन नंबरच्या फिल्ममध्ये पिशवीच्या तोंडाचा भाग स्पेक्युलमच्या पात्यांमागं पूर्ण झाकला गेलाय. तिथं पॉलिप (अस्तराची लोंबती वाढ) असेल तर तुम्हाला कसा कळणार? प्लास्टिकचा एकदा वापरून टाकायचा मिळतो, त्याची सावली फारशी पडत नाही.

व्हल्सेलम, म्हणजे पिशवीचं तोंड पकडायचा चिमटा, शक्यतो लावूच नका. मऊ कॅथेटर असेल आणि पिशवी फार पुढं-मागं वाकलेली नसेल तर लागत नाही. लावायचाच झाला तर एका दाताचा घ्या, पिशवीच्या तोंडाच्या पुढच्या ओठाला, घड्याळातल्या बाराच्या ठिकाणी, आणि बाईला खोकायला सांगून त्याच क्षणी हळू मिटवा. खटाखट दात बसवत गेलात की ती पहिल्याच पायरीला आखडते, आणि एकदा आखडलेली बाई पुढच्या दहा मिनिटांत सैल होत नाही. खेचायचं ते पिशवी सरळ करण्यापुरतंच. वाकलेली पिशवी फोटोत टोकावरून दिसते, पोकळीचा त्रिकोण न दिसता नुसता एक गोळा दिसतो, आणि मग लोक त्याला ‘लहान पिशवी’ म्हणून मोकळे होतात.

कॅन्युलाबद्दल तुम्ही खास विचारलंय. तुमच्या फिल्मवरून ओळखते की तुम्ही लीच-विल्किन्सन वापरता. शंकूसारखं टोक, त्याला स्क्रूसारखे आटे, फिरवत तोंडात बसवायचा. मी अनेक वर्षं तोच वापरला. गळती होत नाही, खेचता येतं, ऑटोक्लेव्ह करून वर्षानुवर्षं चालतो, एकदाच पैसे. पण आटे घुसताना दुखतं, आणि धातूमागं पिशवीच्या तोंडाची नळी दिसत नाही. रुबिनचा कॅन्युला, म्हणजे रबरी बोंड असलेला, त्यापेक्षा सौम्य. त्यात एकच लक्षात ठेवा. बोंडाच्या पुढं निघालेलं टोक सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. लांब राहिलं तर ते पिशवीच्या छताला जाऊन टोचतं आणि तिथंच स्पॅझमला निमंत्रण. छताच्या अस्तराखाली डाय घुसला तर तो शिरांतही जातो.

मी आता बहुतेक वेळा बलूनचं एचएसजी कॅथेटर वापरते, पाच फ्रेंचचं (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप). ते महाग पडतं, आणि तालुक्याला प्रत्येक पेशंटला तो खर्च सांगणं जड जातं हे मला कळतं. त्याला लहान मुलांचा आठ नंबरचा फोली, म्हणजे लघवीसाठी घालतात तो बलूनचा कॅथेटर, हा चांगला पर्याय आहे. लुळा असतो, म्हणून स्पंज होल्डरनं किंवा लांब आर्टरी फोर्सेप्सनं टोक धरून सरकवावा लागतो. आत गेला की बलूनमध्ये एक ते दीड मिली सलाइन, तेही हळू. तीन मिली मावतं म्हणून तीन भरायचं नसतं. बलून मोठा झाला की पिशवी तो बाहेर ढकलायला बघते, कळा येतात, आणि पुन्हा तोच मिटलेला कोपरा. हलकेच मागं ओढून बलून आतल्या मुखाशी टेकवा, सील होतं. बलूनचा तोटा एकच: पोकळीचा खालचा भाग तो झाकतो. म्हणून शेवटी बलून रिकामा करून, कॅथेटर बाहेर काढता काढता थोडा डाय सोडून एक फोटो घ्यायचा. सिझेरियनच्या जुन्या टाक्यातली खाच याच फोटोत दिसते. ही पायरी लोक हमखास विसरतात. सिझेरियन झालेली बाई दुसरं मूल राहत नाही म्हणून येते, तेव्हा नेमकी तीच जागा बघायची असते.

आणि हवा! कॅन्युला आत घालण्याआधी सिरिंज लावून, टोक वर धरून, डायचा थेंब टोकाशी येईपर्यंत भरून घ्या. तुमच्या पाच नंबरच्या फिल्ममध्ये जे तीन गोल डाग आहेत आणि ज्यांना तुम्ही ‘पॉलिप?’ लिहिलंय, ते हवेचे बुडबुडे आहेत. गोल, एकसारखे, कडा चाकूनं कापल्यासारख्या. शंका आली तर बाईला थोडं कुशीवर करा. बुडबुडा जागा सोडतो, पॉलिप सोडत नाही.

डायचं सांगायचं तर ही तपासणी डाय शोधता शोधताच मोठी झाली. रॉंटगेननं १८९५ मध्ये एक्स-रे शोधला, आणि १९१० मध्ये रिंडफ्लाइशनं पिशवीत बिस्मथची पेस्ट सोडून तिचा फोटो घेतला. १९१४ मध्ये चांदीचं कोलार्गोल वापरून बघितलं, त्यानं आत जळजळ व्हायची. रुबिननं मग १९२० च्या सुमाराला डायच बाजूला ठेवला, नळ्यांतून वायू सोडून दाब मोजायला लागला. खऱ्या अर्थानं फोटो दिसायला लागले ते १९२४ नंतर, ब्युनोस आयर्सच्या ह्यूझरनं लिपिओडॉल वापरल्यावर. लिपिओडॉल म्हणजे खसखशीच्या तेलात बांधलेलं आयोडीन, १९०१ मध्ये फ्रान्समध्ये तयार झालेलं. आपल्या आज्जीबाईंच्या खसखशीचा असाही उपयोग.

आज तुमच्यासमोर दोन वाटा आहेत. पाण्यात मिसळणारा डाय किंवा हे तेल. पाण्याचा घेणार असाल तर जुना युरोग्राफिन स्वस्त आहे, पण तो पोटात सांडला की झोंबतो. आयोहेक्सॉलसारखा नॉन-आयोनिक (विद्युतभारित कणांत न फुटणारा), ३०० ताकदीचा (एका मिलीत ३०० मिलिग्रॅम आयोडीन), घ्या. पेशंटच्या कळांत मला तरी फरक दिसतो. आणि तो अंगाच्या उष्णतेइतका कोमट करा. यात लाड नाहीत, हे शुद्ध गणित आहे. २० अंशांवर या डायचा जाडपणा जेवढा असतो, त्याच्या जवळपास निम्मा तो ३७ अंशांवर होतो. म्हणजे कमी जोरात तोच डाय नळीतून जातो. माझ्याकडं कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली पंधरा मिनिटं ठेवलेली असते. बास्स, एवढंच यंत्र.

तेलाचं गेल्या काही वर्षांत पुन्हा बोलणं सुरू झालंय. नेदरलँड्समधल्या २७ हॉस्पिटलांत १,११९ बायकांवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. तेलाचा डाय सोडलेल्यांत सहा महिन्यांत ३९.७ टक्क्यांना टिकणारा गर्भ राहिला, पाण्याच्या डायमध्ये २९.१ टक्क्यांना. फरक खरा आहे. पण त्या अभ्यासात नळ्यांचा आजार असण्याची शक्यता कमी अशाच बायका घेतल्या होत्या, आणि आपल्याकडं नळ्यांच्या क्षयाची छुपी केस दर आठवड्याला दारात उभी असते. सुजलेल्या, चिकटलेल्या नळ्यांत तेल महिनोनमहिने साचून राहतं. शिरांत शिरलं तर फुप्फुसात जाऊन अडकतं. बाईच्या आणि पुढं बाळाच्याही थायरॉइडवर त्यातल्या आयोडीनचा भार पडतो. त्यामुळं माझं मत असं: ज्या तरुण मुलीचं बाकी सगळं नीट आहे, थायरॉइड नीट आहे, क्षयाचा संशय नाही आणि खर्च झेपतो, तिथं तेल जरूर. तेही स्क्रीनवर सतत नजर ठेवून, दहा मिलीच्या आत, आणि शिरा भरताना दिसल्या की तत्काळ थांबून. सरसकट सगळ्यांना मात्र नको. तुम्ही नव्यानं सुरू करताय, पहिल्या शंभर पाण्यावर करा.

आता टेबलावर येऊ. खरं तर त्याच्याही आधी. नवऱ्याचा वीर्याचा रिपोर्ट आल्याशिवाय मी एचएसजीची तारीख देत नाही. यावरून भांडणं होतात. सासूबाई म्हणतात, “आमच्या पोराला काय झालंय, हिचीच पिशवी बघा.” मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी चाळीस-पन्नास टक्क्यांत नवऱ्याकडचं कारण एकटं किंवा सोबतीनं असतंच, आणि त्याची तपासणी एका डबीत होते. ती राहू देऊन हिला टेबलावर घ्यायचं हे मला पटत नाही.

तारीख पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसांतली. रक्त पूर्ण थांबलेलं हवं, आणि पाळी आल्यापासून संबंध नकोत. खेड्यातल्या बायका तारीख सांगत नाहीत, “संकष्टीच्या आदल्या दिवशी आलती” असं सांगतात. माझी सिस्टर भिंतीवरचं कॅलेंडर बघून दिवस काढते, आणि ते अचूक निघतं. मात्र “या वेळी जरा कमीच गेलं” असं ऐकलं की लघवीची तपासणी करूनच पुढं जायचं. पाळी समजून गर्भावर एक्स-रे पडू नये म्हणून. अंगावर पांढरं जातंय, वास आहे, ओटीपोट दाबलं की दुखतंय, तर तपासणी पुढच्या महिन्यात, आधी उपचार.

उपाशी बोलवू नका. राधानगरीहून पहाटेच्या एसटीनं उपाशी निघालेली बाई साडेअकराला टेबलावर चक्कर येऊन पडते, आणि आपण त्याला डायची रिॲक्शन समजून धावपळ करतो. हलकं खाऊन येऊ दे. वेदनाशामक गोळी अर्धा-पाऊण तास आधी, आणि नुसती लिहून न देता आपल्यासमोर घ्यायला लावा. मासे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं म्हणून डाय नको असं काही जणी सांगतात. माशांच्या ॲलर्जीचा डायशी खास संबंध नाही. पूर्वी कुठल्या डायची रिॲक्शन आली होती का, दमा आहे का, हे विचारा. खोलीत ॲड्रेनॅलिन, ॲट्रोपिन आणि ऑक्सिजन हाताशी हवाच. कपाटाची किल्ली मेट्रनकडं, असं नको.

आणि बोला. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही ‘आलो, गेलो’ म्हणतात. एकजण टेबलाजवळ येऊन म्हणाली, “मी न्हाई झोपणार ह्याच्यावर, मी जातो घरला.” मी तिला तो कॅथेटर हातात दिला. वळवून बघितला, म्हणाली, “एवढंच व्हय?” आणि झोपली. माझ्या सगळ्या स्पॅझमच्या इंजेक्शनांपेक्षा त्या एका मिनिटाचा उपयोग जास्त झाला असं मी शपथेवर सांगेन.

तुमचं टेबल हाडांच्या कामाचं आहे, पाय अडकवायची सोय नाही, हे फोटोवरून दिसतं. अडचण नाही. ढुंगणाखाली दुमडलेल्या दोन चादरी घाला, गुडघे वाकवून पाय बाजूला. कॅथेटर बसला की स्पेक्युलम काढा, पाय सरळ करा, बाईला पायांकडून थोडी वर सरकवा. सरळ पाय केल्यावर पोटही सैल होतं. सी-आर्मची ट्यूब टेबलाखाली आणि वरचा गोल भाग पोटाच्या जितका जवळ आणता येईल तितका. तुमच्या फिल्मवर कमरेच्या हाडापासून मांडीपर्यंत सगळं आलंय. कोलिमेटर (किरणांचा झोत लहान करणारे पडदे) आवळा, आपल्याला ओटीपोटाचा तेवढाच चौकोन हवाय. केव्ही (एक्स-रे ट्यूबचा विद्युतदाब) सत्तर-ऐंशीच्या दरम्यान ठेवलं तर आयोडीन चांगलं उठून दिसतं. पल्सवर (किरणं थांबून-थांबून सोडत) चालवा, पाय पेडलवर धरून ठेवू नका, टकटक करत बघा. शेवटचं चित्र स्क्रीनवर थांबतं, अभ्यास त्यावर करा. सगळं मिळून स्क्रीनिंग मिनिटाच्या आत संपायला हवं.

किरणांची भीती पेशंटला असते आणि तुम्हालाही असावी. नीट केलेल्या एचएसजीचा डोस साधारण १ ते ३ मिलिसिव्हर्टमध्ये बसतो. जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिळतो. अंडाशय मात्र थेट किरणांच्या वाटेत असतात, त्यांच्यावर शिसं घालता येत नाही, म्हणून फोटोंची संख्या कमी ठेवणं हाच बचाव. तुम्ही स्वतः अर्ध्या मिलिमीटर शिशाचा ॲप्रन, गळ्याला कॉलर, आणि टीएलडी बॅज (अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा). बॅज खुंटीला टांगून ठेवण्याची आपल्याकडं एक परंपराच आहे, ती मोडा.

फोटो किती? मी सहाच्या वर जात नाही. पहिला डायच्या आधीचा साधा फोटो. हा तुम्ही सहापैकी चौघींचा घेतलाच नाही. ‘वाया’ वाटतो, पण जुने चुन्याचे ठिपके, विसरलेली तांबी, आधीचं काही पांढरं, हे फक्त त्यात दिसतं. डाय सोडल्यावर सगळंच पांढरं. मग दोन-तीन मिली डाय, पोकळी नुकती भरतेय तोवर दुसरा फोटो. लहान पॉलिप, लहान गाठ, चिकटलेल्या भिंती याच फोटोत सापडतात. पिशवी पूर्ण भरली की डायच्या गर्दीत त्या बुडून जातात. पोकळी तीन-पाच मिलीची असते, तेव्हा दहा मिलीची सिरिंज हातात आहे म्हणून ती रिकामी करायची घाई नको.

इथं माझा हात कसा चालतो ते सांगते. अर्धा मिली सोडला, थांबले. तिचा चेहरा बघितला. परत अर्धा. अंगठ्याला विरोध जाणवला की मी ढकलत नाही, उलट दाब सोडते आणि गप्प बसते. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं. कोपरा मिटलेला असेल तर त्या वेळात बऱ्याचदा आपोआप उघडतो. नाही उघडला तर हायोसिन (आवळलेला स्नायू सैल करणारं औषध) २० मिलिग्रॅम शिरेतून, काचबिंदू आणि छातीची धडधड विचारून. आणि एक जुनी युक्ती: जी नळी भरत नाही ती बाजू खाली येईल असं बाईला कुशीवर वळवा, मग परत थोडा डाय. एक नळी उघडी असेल तर सगळा डाय तिकडूनच पळतो आणि दुसरी रिकामी राहते. त्या दुसरीला ‘बंद’ म्हणणं तर अन्यायच. एवढं करूनही नाहीच भरली, तर लिहा: ‘थांबून, औषध देऊन, वळवूनही भरली नाही.’ पुढच्या डॉक्टरला या ओळीची किंमत कळते.

नळ्या भरल्या की एक फोटो, डाय पोटात सांडताना एक. सांडल्याचा अर्थही घाईनं काढू नका. मोकळा सांडलेला डाय आतड्यांच्या वळणांमधून पसरतो, पुसट होतो. नळीच्या टोकाशी गोळा होऊन राहिला तर आजूबाजूला चिकटलेलं असण्याची शंका. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी, लघवी करून आल्यावर, शेवटचा फोटो. पाण्याच्या डायला एवढं पुरतं. तेलाला दुसऱ्या दिवशी बोलवावं लागतं, तो एक एसटीचा फेरा वाढतो. नळी फुगलेली दिसली, पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी, तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पाच दिवस द्यायचंच. एरवी जंतुसंसर्गाचं प्रमाण एक ते तीन टक्क्यांच्या आसपास असतं, पण फुगलेल्या नळ्यांत ते कितीतरी वाढतं.

पिशवी दुभंगलेली दिसली तर एचएसजीवर विसंबू नका. मधे पडदा आहे की पिशवीच दोन शिंगांची आहे, हे बाहेरच्या आकारावरून ठरतं आणि एक्स-रेत आपल्याला फक्त आतली पोकळी दिसते. थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय. पडद्याचं ऑपरेशन आतून होतं. दोन शिंगांच्या पिशवीत तेच करायला गेलात तर भोक पडेल.

लॅप्रोस्कोपीच्या काळात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंत. आहे. नळी आतून कशी आहे हे लॅप्रोस्कोप दाखवत नाही, तो बाहेरून बघतो. त्याला भूल लागते, खर्च वेगळा. सोनोग्राफीवर सलाइन किंवा फेस सोडून नळ्या बघता येतात, किरणं नाहीत, चांगली पद्धत आहे. पण करणाऱ्याचा हात आणि मशीन दोन्ही तयार हवं, आणि नळीचा नकाशा तसा कागदावर उरत नाही. एचएसजीच्या मर्यादा मात्र तोंडपाठ असू द्या. बंद नळ्या ओळखण्यात तिची संवेदनशीलता ६५ टक्के आणि अचूकपणे उघडी म्हणण्याची क्षमता ८३ टक्के धरतात, १९९५ च्या एकत्रित विश्लेषणातले हे आकडे आहेत. म्हणजे ही चाळणी आहे. निकाल नव्हे. तिच्यावरून थेट टेस्ट ट्यूब बेबीच्या खर्चात कुणाला ढकलू नका. खऱ्या कोपऱ्यातल्या अडथळ्यालाही एक्स-रेखालीच बारीक तार घालून नळी मोकळी करता येते, ते कोण करतं याची चौकशी करून ठेवा.

आता तुमच्या सहा जणी. एक, दोन, तीन, पाच आणि सहा यांना पुन्हा बोलवा. फी घेऊ नका, चूक आपली आहे. महिना-दोन महिने जाऊ द्यात, मग कोमट डाय, आठ नंबरचा फोली, आधी गोळी, आणि दिवसाला एकच एचएसजी. जुना रिपोर्ट त्यांच्या फाइलमधून मागून घ्या आणि वर ‘पुन्हा तपासणी ठरली आहे’ असं लिहून सही करून द्या. तोवर घरात तो कागद वाचला जातोय हे विसरू नका.

चार नंबरची मात्र वेगळी आहे. तिचा साधा फोटो नशिबानं तुम्ही काढलाय. उजव्या बाजूला, नळीच्या वाटेवर, खडूच्या भुकटीसारखे ठिपके ओळीनं दिसतायत, आणि डाय भरल्यावर पोकळी आक्रसलेली, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. ही स्पॅझमची फिल्म नाही. तिला विचारा, लहानपणी घरात कुणाला क्षय होता का, पाळी कमी होत गेलीय का. तिची एचएसजी परत करू नका, तेलाची तर मुळीच नको, जुना आजार उसळू शकतो. आधी पाळीच्या अगोदर अस्तराचा तुकडा घेऊन पाठवा: अर्धा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला फॉर्मलिनमध्ये, आणि अर्धा कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅटसाठी (क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी) साध्या सलाइनमध्ये. सगळाच फॉर्मलिनमध्ये टाकला तर कल्चर होणार नाही. आणि फक्त या फिल्मवर क्षयाची औषधं सुरू करू नका. तुकड्याचा रिपोर्ट आला की फिल्मसकट मला पाठवा, एक्स-रेच्या कोपऱ्यातलं तिचं नाव या वेळी झाकून.